अभिजीत सावंतचं पुढं काय झालं?

गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोचा विषय निघाला की आपल्याकडं कट्ट्यावर कुणीतरी हा प्रश्न टाकतोच. उत्तरही ठरलेलं असतं, "गायब झाला की!" मित्रांनो, मला हे उत्तर खटकतं. का ते सांगते.

5 मार्च 2005 ला मुंबईचा अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडल' झाला. अमित सना दुसरा, राहुल वैद्य तिसरा. शेवटचा निकाल जजनी नाही, एसएमएस आणि फोन करणाऱ्या लोकांनी लावला. त्याच वर्षी 'आपका अभिजीत सावंत' हा अल्बम आला, 'आशिक बनाया आपने' या सिनेमात गाणं मिळालं. 2007 मध्ये 'एशियन आयडल'ला तो भारताकडून उतरला. 2009 ला 'लॉटरी' सिनेमात हिरोसुद्धा झाला. पण तोवर चॅनेलकडं नवा सीझन, नवा विजेता होता, आणि हिंदीतली मोठी गाणी काही त्याच्या वाट्याला आली नाहीत.

मी राज्यशास्त्र शिकते. वर्गात पहिला धडा 'एक व्यक्ती, एक मत'. शोमध्ये हिशोब वेगळा, बॅलन्स असेपर्यंत मतं! निवडणुकीतल्या मतानं निदान पाच वर्षांची खुर्ची मिळते. एसएमएसच्या मतानं एक ट्रॉफी आणि थोडे दिवस प्रसिद्धी. दुसऱ्या दिवशी काम द्यायला मतदार येत नाही, संगीतकार लागतो, स्टुडिओ लागतो, ओळखी लागतात.

याची दुसरी बाजू बघा. त्याच 2005 साली, त्याच सोनीवर 'फेम गुरुकुल' नावाचा शो होता. त्यातून एक बंगाली पोरगा फायनलच्या आधीच बाहेर पडला. पुढची काही वर्षं तो संगीतकारांच्या हाताखाली म्युझिक प्रोग्रॅमिंग करत राहिला. 2013 ला 'आशिकी 2' आला आणि अरिजित सिंग घराघरात पोचला. मतं कमी पडली, पण कॅमेऱ्यामागं शिकायला जागा मिळाली.

मग अभिजीत हरला का? अजिबात नाही. 2013 लाच 'मंगलाष्टक वन्स मोअर'मधलं बेला शेंडेसोबतचं त्याचं ड्युएट आलं. ते आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओत अजून वाजतं. 2024 ला 'बिग बॉस मराठी'त तो सूरज चव्हाणच्या मागोमाग दुसरा आला. म्हणजे तो गात होता, कार्यक्रम करत होता. आपल्याला टीव्हीवर दिसला नाही, म्हणून आपण त्याला 'गायब' ठरवलं.

आपल्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही चॅनेल लागतात, म्हणून इकडचंही उदाहरण घेऊ. हावेरी जिल्ह्यातला मेंढ्या राखणारा हनुमंत लमाणी झी कन्नडच्या 'सा रे ग म प'मध्ये दुसरा आला आणि जानेवारी 2025 ला 'बिग बॉस कन्नड' जिंकला. उत्तर कर्नाटकातली गावाकडची बोली त्यानं स्टेजवर लपवली नाही. आपली पोरं मात्र मुंबई-पुण्याच्या ऑडिशनला निघाली की आधी आपलं 'व्हय' आणि 'करायलोय' पुसून टाकतात. बेळगावी बोलीची लाज आपल्यालाच वाटत असेल तर मराठी चॅनेलवाल्यांना काय बोलणार?

मुद्दा एवढाच, की गाणारी पोरं ऑडिशनच्या रांगेत तयार होत नाहीत. त्यांना वर्षभर गुरू लागतो, साथीदार लागतात, समोर बसून ऐकणारी माणसं लागतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व काय एसएमएसवर मोठे झाले नाहीत. लहानपणी मैफली गाजवूनसुद्धा ते मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकत राहिले.

म्हणून निपाणी, खानापूर, बेळगावच्या मंडळांना एक मागणं आहे. यंदा गणपतीत डीजेच्या बजेटमधून एक संध्याकाळ बाजूला काढा. गल्लीतल्या गाणाऱ्या पोरापोरींना बसवा, तबला-पेटीवाल्याला मानधन द्या, आणि आपल्या बोलीतच निवेदन करा. टीव्हीवर कुणी पोचलं तर मत देऊच. पण तिथून परतल्यावर "पुढं काय झालं?" असं विचारण्याआधी त्याला गायला एक स्टेज तरी आपण दिलं पाहिजे.