व्यायामाची चाचणी आणि श्रमिकाची रोजी

उल्हासनगरच्या कॅम्पांत जीन्स शिवणारा कारागीर दिवसभर मान वाकवून मशिनीवर बसतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला हमाल पाठीवर गोण्या वाहतो, तर बदलापूरचा नोकरदार मुंबईपर्यंतचे सुमारे ६८ किलोमीटर अंतर लोकलच्या गर्दीत उभ्याने कापतो. मान, कंबर व गुडघा यांचे दुखणे या पट्ट्यात आजार म्हणून गणलेच जात नाही. ते कामाबरोबर यायचेच, असे मानले जाते. त्यावर कोणता व्यायाम, किती दिवस उपयोगी पडतो, हे ठरविण्यासाठी भौतिकोपचाराच्या, म्हणजेच फिजिओथेरपीच्या, चाचण्या व्हावयास हव्यात आणि त्यांत येथील श्रमिकांनी सहभागी व्हावयास हवे, याविषयी दुमत नसावे. प्रश्न आहे तो या सहभागाचा खर्च कोणी सोसायचा, हा.

औषधाच्या चाचणीत रुग्ण बहुधा गोळ्या घेऊन घरी जातो. भौतिकोपचारासाठी मात्र त्याला पुनःपुन्हा यावे लागते. समजा, आठवड्यातून तीन वेळा याप्रमाणे सहा आठवडे उपचार ठरले, तर अठरा फेऱ्या झाल्या. नगावर मजुरी मिळविणाऱ्याचा दर फेरीस अर्धा दिवस बुडाला, तरी नऊ दिवसांची रोजी गेली. उपचार मोफत आहेत असे त्याला सांगितले जाते. परंतु अर्थशास्त्राच्या हिशेबात बुडालेली रोजी ही उपचाराची किंमतच होय. ती संशोधकाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, मजुराच्या चुलीवर दिसते. मग चार-पाच फेऱ्यांनंतर त्याने येणे सोडले, तर नवल ते काय? चाचणीत उरतात ते निवृत्त, पगारी रजा मिळणारे आणि विद्यार्थी. त्यांच्या शरीरांवरून काढलेला निष्कर्ष मशिनीवर बसणाऱ्याला लागू करणे अन्याय्य तर आहेच, शिवाय अशास्त्रीयही आहे.

कायद्याचे लक्षही मुख्यतः औषधांवर आहे. २०१९ च्या नियमांनी नव्या औषधाच्या चाचणीत इजा वा मृत्यू ओढवल्यास भरपाईची रीत बांधून दिली. व्यायाम हे औषध नव्हे. तेथे आधार आहे तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांचा. चाचणीमुळे झालेल्या इजेवर उपचार व भरपाई मिळावी, असे ती सांगतात; प्रवासखर्च व बुडालेली मजुरी देण्यासही मुभा देतात. पण 'देता येते' आणि 'दिलीच पाहिजे' या दोहोंमधील अंतर गरिबालाच तुडवावे लागते. पैसे दिल्यास गरीब मोहात पडेल, असा एक आक्षेप आहे. परंतु बुडालेली मजुरी भरून देण्यात लाभ नाही, केवळ तोटा टळतो. मोहाचा प्रश्न त्यापलीकडच्या रकमेपाशी सुरू होतो.

दुसरा प्रश्न तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी साध्या तपासणीची चाचणी केली. दीड लाखावर स्त्रिया तीत होत्या. तपासणी झालेल्या गटात त्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ज्ञान मोलाचे मिळाले. परंतु तपासणीविना ठेवलेल्या गटाविषयी तीव्र वादही झाला. व्यायामाच्या चाचणीत जिवाची बाजी नसेल, तथापि तत्त्व तेच आहे. ज्यांच्या दुखण्यातून ज्ञान निपजले, त्यांना त्याचे फळ प्रथम मिळाले पाहिजे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. चाचणीच्या खर्चातच रोजी व प्रवासभाडे धरावे. संमतिपत्र मराठी, हिंदी व सिंधीत असावे, आणि केव्हाही बाहेर पडले तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहावे. उपचार कामाच्या वेळेनंतर आणि वस्तीजवळ मिळावेत. चाचणी संपताच तुलनेच्या गटालाही गुणकारी ठरलेला उपचार द्यावा. प्रत्येक चाचणी २००७ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय नोंदणीपटावर आरंभापूर्वीच नोंदवावी. ती नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते. कामगार संघटनांनी ती पाहण्याची सवय लावून घ्यावी. वेतनाच्या करारावर सही करण्यापूर्वी कामगार तो वाचून घेण्याचा आग्रह धरतो. आपली पाठ संशोधनाच्या हवाली करतानाही त्याने तोच आग्रह धरावा.