अहवालाचा रकाना व गांवचा जबाब

महसुली दप्तरांत उभा जन्म लेखणी झिजविल्यावर एक गोष्ट आमच्या पुरतेपणीं ध्यानांत आली आहे. सातबाऱ्यांत ज्या जमिनीपुढें ‘पोटखराबा’ असें आम्ही लिहीत असूं, ती सरकारी हिशेबीं लागवडीस निरुपयोगी. पण पावसाळ्यांत काळ्या रानांतून हटविलेलीं मेंढरें त्याच खडकाळ तुकड्यावर चरत, बायका तेथूनच सरपण नेत, आणि उताराचें पाणी तेथें मुरून खालच्या विहिरींस पाझर फुटे. हें लिहिण्यास उताऱ्यांत रकाना नाहीं. आम्हीही कधीं कोणास विचारलें नाहीं. पीकपाहणी पुष्कळदां चावडींत बसूनच उरकली, हा दोष आमचाच.

हें आज सांगण्याचें कारण असें कीं, खाण, धरण किंवा कारखाना गांवाजवळ येऊं घातला म्हणजे पर्यावरणावरील परिणामांचा जो अहवाल तयार होतो, त्यांतही हीच रकान्यांची भाषा असते. हवेंतील धूळ, पाण्यांतील क्षार, आवाजाची पातळी हीं मापें पाहिजेतच. परंतु तीं बहुधा पावसाळा वगळून एकाच ऋतूचीं असतात. श्रावणांत ओढा कोठवर चढतो, कोणत्या विहिरीचें पाणी होळीनंतर मचूळ होतें, दुष्काळांत कोणत्या झऱ्यावर गांव तगलें, हें त्या मापांत कोठून यावें? तें ठाऊक असतें वृद्ध शेतकऱ्यास, पाणी भरणाऱ्या बाईस आणि मेंढपाळास.

कोणी म्हणतील, सांगोवांगीच्या गोष्टी पुरावा कशा व्हाव्या? आम्ही विचारतों, पंचनामा म्हणजे दुसरें काय? गारपिटीनें पीक झोपलें म्हणजे पंचांनीं डोळ्यांनीं पाहिलेलेंच लिहून त्यांच्या सह्या घेतात. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत तर गांवांतील वृद्धांचे लेखी जबाब पुरावा म्हणून स्पष्ट धरले आहेत. प्रश्न पद्धतीचा आहे. चांगला तपासनीस शिवारफेरी करील, स्त्रियांशीं व भूमिहीनांशीं वेगळें बोलेल, जमिनीवर रांगोळीनें गांवचा नकाशा काढवून घेईल, आणि एकाचें सांगणें इतर दोघांच्या सांगण्याशीं ताडून पाहील. जबाब जुळले नाहींत तर तसेंच लिहील.

आतां आपली बाजू. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें ज्या प्रकल्पास जाहीर सुनावणी लागते, तेथें निदान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत मिळतो. सुनावणीस गणपूर्तीची अट नाहीं. दहा लोक आले तरी ती पुरी होते. शेवटीं वृत्तांत लोकांस वाचून दाखवून जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी त्याच दिवशीं सही करतात. आमचे बंधू मात्र दोन तास ओरडून, चहा होतांच घराकडे वळतात, आणि वाचनाच्या वेळीं मांडवांत खुर्च्या मोकळ्या! ज्या गाऱ्हाण्यास गट नंबर नाहीं कीं महिना नाहीं, त्याचें ‘ग्रामस्थांनीं नाराजी व्यक्त केली’ एवढें एकच वाक्य होतें. आम्ही कारकून होतों, म्हणून जाणतों.

तरी नोटीस लागतांच प्रत्येक वाडीनें आपला जबाब लिहून काढावा. गट नंबर, विहीर, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, पाझर कोणत्या बांधाकडून येतो, गुरें कोठें चरतात. खालीं सांगणाराचें नांव, वय व सही. एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळास देऊन पोंच घ्यावी. दुसरी हातांत धरून वृत्तांताचें वाचन संपेपर्यंत बसावें, आणि गाळलेलें आढळेल तेथें सही होण्यापूर्वींच उठून सांगावें.