वळिवड्याच्या मुसाफिर बायका

खराडीत आयटी पार्क आले, उंच इमारती आल्या आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत कामकरी माणसांच्या भाड्याच्या खोल्याही वाढल्या. मुलांना घेऊन खोली शोधणाऱ्या एकट्या बाईला तिथे पहिला सवाल होतो, “मालक कुठे असतात तुमचे?” उत्तर पटले नाही की खोली “कालच गेली” असते. नाव ऐकून फ्लॅट नाकारला जाणे आपल्या किती घरांनी सोसले आहे! म्हणून हाच सवाल आपल्या मोहल्ल्यात विचारला जातो तेव्हा आम्हाला तो जास्त बोचतो. अशाच एकट्या बायका दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी आपल्या महाराष्ट्रात आल्या होत्या. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले.

युद्धाआधी त्यांची घरे पूर्व पोलंडमध्ये होती. कोणाची शेती, कोणाचा नवरा शिक्षक, कोणाचा जंगलखात्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आले. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत दारे ठोठावली गेली. हाताला लागेल ते गाठोड्यात बांधायचे आणि मालगाडीत चढायचे. कितीतरी घरांतले पुरुष आधीच तुरुंगात होते. सैबेरियाच्या जंगलात बायकांनी झाडे तोडली, पावाच्या तुकड्यावर पोरे जगवली, काही तिथेच पुरली.

१९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली. पुढच्या वर्षी कॅस्पियन समुद्र ओलांडून त्या इराणच्या पहलवी बंदरावर उतरल्या. टायफसची साथ होती; अंगावरचे कपडे जाळावे लागले, डोक्यावरचे केस काढावे लागले. इराणवर तेव्हा ब्रिटिश आणि रशियन फौजांचा ताबा होता आणि खुद्द तेहरानात पावाची टंचाई होती. तरी त्या मुलखाने त्यांना जागा दिली. इस्फहानमध्ये इतकी अनाथ मुले राहिली की ‘पोलिश मुलांचे शहर’ हे नाव त्याला पडले. जे वाचले नाहीत त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कबरी तेहरानच्या दुलाब कब्रस्तानात आहेत. आपल्याकडच्या मुस्लिम घरांत ही हकीकत फारशी सांगितली जात नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

पुरुष पोलिश फौजेत भरती होऊन इटलीच्या आघाडीवर गेले. बायका-मुले कराचीमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी होती. वळिवड्याची सर्वांत मोठी. लांबलचक बराकींत प्रत्येक कुटुंबाला राहायला जागा आणि वेगळी चूल मिळाली. शाळा, दवाखाना, चर्च, दुकाने उभी राहिली. बायकाच शिक्षिका, बायकाच परिचारिका, शिवणकामही त्यांचेच. कर्ता पुरुष दाखवा अशी अट घातली असती तर ती छावणी रिकामीच राहिली असती!

सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत मुसाफिरही आहे. घरी त्याचे सगळे असेल, पण वाटेत तो हात रिकामे घेऊन उभा आहे, एवढ्यावर त्याचा हक्क ठरतो. त्याची बिरादरी विचारून तो ठरत नाही. खोलीच्या दारात उभी असलेली बाई यात बसते की नाही, हे आपण आपापल्या घरी बोलावे.

१९४५ मध्ये युद्ध संपले, पण या बायकांना घरी जाता आले नाही. त्यांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. दाराची किल्ली जपून ठेवली असेल, तरी ती लावायची कुठे? बऱ्याच जणी इंग्लंडला गेल्या, जिथे फौजेतले नवरे-भाऊ पोहोचले होते. काही पोलंडला परतल्या, काही ऑस्ट्रेलिया-कॅनडात पांगल्या. एका मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केले आणि ती इथलीच झाली.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. त्या बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबे तिथे आली आणि कापडाचा धंदा करू लागली. लग्नाचा बस्ता बांधायला आपल्यातली कितीतरी घरे आज जिथे जातात, ते गांधीनगर म्हणजे हीच जागा.