गोदामाच्या भिंतीला अनुदान, माल ठेवणाऱ्याला काय?

माझ्या अब्बांनी आयुष्यभर बटईने शेती केली. आमचा भाग लातूर जिल्ह्यातला, पीक सोयाबीन आणि तूर. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघाले की चार दिवसांत ते बाजारात न्यावे लागे. घरात ठेवायला कोरडी जागा नाही, आडत्याकडून घेतलेली उचल डोक्यावर आणि रब्बीच्या पेरणीला पैसे हवेत. काट्यावर ओलाव्याची कट्टी लागायची, त्यातून हमाली वजा व्हायची आणि उरलेल्या पैशांची पट्टी हातात पडायची. त्याच आठवड्यात सगळ्या गावांचा माल आलेला असल्यामुळे भाव सर्वांत खाली असायचा. अब्बा म्हणायचे, "माल आपला, पण दिवस आपला नाही."

त्यांच्या आधीच्या पिढीकडे निदान पेव होते, वाड्यांत बळद होते, कणग्या होत्या. ती धान्य खायला ठेवण्याची व्यवस्था होती. सोयाबीन खायला नव्हे, विकायला पिकते. त्याला सुकवणीची जागा, चाळणी, वजनकाटा आणि गोदाम लागते. ही सोय एकटे घर उभी करू शकत नाही. म्हणूनच सरकारी अनुदानाचा प्रश्न येतो, आणि म्हणूनच ते कोणाला मिळते हे विचारणे भाग आहे.

पैसा नाही असे म्हणता येणार नाही. ग्रामीण गोदामांसाठी केंद्राची अनुदान योजना 2001 पासून आहे. तिची नावे बदलली, पण साधारण 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरेंसाठी 33.33 टक्के ही रचना परिचयाची आहे. 2020 मध्ये एक लाख कोटींचा कृषी पायाभूत सुविधा निधी जाहीर झाला. त्यात दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. 31 मे 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकारी क्षेत्रातल्या धान्य साठवणुकीच्या मोठ्या योजनेला मंजुरी दिली. गावोगावच्या सोसायट्यांमधून पाच वर्षांत 700 लाख टनांची साठवण उभी करायची, त्याच आवारात खरेदी केंद्र आणि रेशन दुकानही चालवायचे, अशी ती कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. माझा आक्षेप दाराशी उभ्या असलेल्या अटींवर आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका बचत गटाने छोटे गोदाम बांधायचे ठरवले. गटात चौदा बाया. काही मुस्लिम, काही बौद्ध, काही मराठा घरांतल्या. माझी भाभी त्यांची हिशेबनीस. कागदपत्रांसाठी मी त्यांच्याबरोबर तालुक्याच्या गावी दोनदा गेलो. पहिला प्रश्न होता, जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? दुसरा, बँकेचे कर्ज मंजूर आहे का? तिसरा, स्वतःचा हिस्सा किती घालणार? कारण हे अनुदान कर्जाशी जोडलेले असते. ते हातात येत नाही, बँकेतल्या कर्जखात्यात जमा होते. म्हणजे आधी जमीन, मग तारण, मग कर्ज, मग बांधकाम, मग तपासणी. चौदापैकी दोघींचीच नावे सातबाऱ्यावर होती, आणि त्याही सासऱ्यांच्या जमिनीत सामाईक. कर्ज नाकारले गेले. महिलांसाठी वाढीव टक्केवारी कागदावर तशीच राहिली.

कोणी लाच मागितली नाही, कोणी अपमान केला नाही. सगळे नियमाने झाले. दुखणे नियमातच आहे.

कोण कोण बाहेर राहते ते पाहा. बटईदाराचे नाव कागदावर कुठेच नसते. गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबाची नोंद 'अतिक्रमण' अशी असते. नवरा गेलेल्या शेतकरी बाईच्या नावाचा फेर वर्षानुवर्षे रखडतो. आणि मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांकडे मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या सेवेपोटी मिळालेली खिदमतमाश इनामाची जमीन आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या कसली जाते, पण वक्फ असल्यामुळे गहाण ठेवता येत नाही, आणि ठेवता येऊही नये. मग अशा घराने बँकेपुढे काय ठेवायचे? या चौघांची जात आणि धर्म वेगळे, पण त्यांना अडवणारी अट एकच आहे. म्हणून हा केवळ आपल्या समाजाचा प्रश्न म्हणून मांडू नये. तो चौघांनी मिळून मांडला तरच कोणी ऐकेल.

गोदाम मिळाले की फरक किती पडतो, तेही पाहू. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की त्याच्या बाजारभावाच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. दहा क्विंटल सोयाबीन आणि चार हजारांचा भाव धरला तर माल चाळीस हजारांचा. त्यावर तीस हजार मिळतात आणि सहा महिन्यांचे व्याज होते नऊशे रुपये. म्हणजे क्विंटलमागे नव्वद रुपयांत शेतकऱ्याला सहा महिन्यांची उसंत मिळते. मुदत संपेपर्यंत भाव वाढेलच असे नाही. माल धरून ठेवून पस्तावलेले लोकही मी पाहिले आहेत. पण विकायचे कधी, हे ठरवण्याचा अधिकार मिळतो. अब्बांकडे नेमका तोच नव्हता.

इथे आपल्यातल्या काही जणांशी स्पष्ट बोलले पाहिजे. व्याज आहे म्हणून ते तारण योजनेकडे फिरकत नाहीत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला वाद घालायचा नाही. पण तेच लोक आडत्याची उचल घेतात आणि त्या बदल्यात तो म्हणेल त्या भावात माल घालतात. ते व्याज पट्टीत लिहिलेले नसते, इतकेच. ते सहा टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त असते.

2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता. हमीभाव खरेदीला ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. ओल्या मालाची इतकी ओरड झाली की नोव्हेंबरात ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. गावात सिमेंटचे चांगले खळे आणि साधे सुकवणी यंत्र असते, तर ही वेळ कमी जणांवर आली असती. पण अनुदानाचा हिशेब किती टनांची गोदामे बांधली असा होतो. त्यात कोणाचा किती माल सुकला आणि राहिला, हे कोणी विचारत नाही. रस्त्यालगतचे अनुदानित गोदाम व्यापाऱ्याला भाड्याने गेले तरी कागदावर क्षमता वाढलेलीच दिसते.

म्हणून मला तीन बदल हवेत. पहिला, भूमिहीन, बटईदार आणि महिलांच्या गटांसाठी छोट्या गोदामाचे अनुदान कर्जापासून सोडवावे आणि बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे आगाऊ द्यावे. दुसरा, मालकीच्या सातबाऱ्याऐवजी ग्रामपंचायतीच्या जागेचा दीर्घ मुदतीचा भाडेकरार चालावा. तिसरा, अनुदान घेतलेल्या प्रत्येक गोदामाने दरवर्षी दारावर फलक लावावा: किती शेतकऱ्यांनी माल ठेवला, त्यात अल्पभूधारक किती, बटईदार किती, बाया किती. पैसा जनतेचा आहे. हिशेब जनतेला दिसला पाहिजे.

आणि एक काम आपलेही आहे. यापुढची साठवण सोसायटीमार्फत उभी राहणार असेल, तर सोसायटीच्या सभासद यादीत आपण आहोत का? बहुतेक गावांत सोसायटी म्हणजे पीककर्ज घेणाऱ्या जमीनधारकांची संस्था, असेच मानले जाते. केंद्राने 2023 मध्ये सोसायट्यांसाठी आदर्श उपविधी पाठवले. त्यांत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना पुरेसे प्रतिनिधित्व द्यायला सांगितले आहे. आपल्या सोसायटीने ते स्वीकारले का, हे वार्षिक सभेत विचारता येते, आणि ती सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. जागेचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो.

भाभीच्या गटाने अर्जाची फाईल अजून जपून ठेवली आहे. या वर्षी त्या चौदाजणी ग्रामसभेत जागेची मागणी करणार आहेत. अब्बांना आता शेती होत नाही, पण त्या दिवशी मी येणार, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.