ॲव्हरेज पडलं, त्याचे पैसे कोणी भरायचे?

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की हार घालायच्या आधी चारजण विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" रंग, एअरबॅग, टचस्क्रीन हे सगळं नंतर. आणि ते बरोबरच आहे. कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटातून जाणारा, नाहीतर तासगावची द्राक्षं पुण्याला पोचवून रात्रीत परत येणारा माणूस ॲव्हरेजवरच संसाराचा हिशोब करतो.

गेल्या दोन-तीन महिन्यांत पाच-सहा डिझेल गाडीवाल्यांनी मला जवळपास एकच तक्रार सांगितली. धुराचा, सायलेन्सरचा किंवा ईजीआरचा प्रॉब्लेम म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला लावली. काहीतरी साफ केलं, सॉफ्टवेअर नवीन टाकलं, बिल झालं. त्यानंतर गाडी पूर्वीसारखं ॲव्हरेज देत नाही. काउंटरवर विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सर, तुमची ड्रायव्हिंग स्टाईल." वीस वर्षं त्याच हाताने, त्याच खंबाटकीतून गाडी चालवणाऱ्या माणसाची ड्रायव्हिंग स्टाईल सर्व्हिसिंगच्या दिवशीच कशी काय बदलते, हे काही मला कळलेलं नाही.

पण मंडळी, या तक्रारीत तथ्य असू शकतं. त्यामागे साधं विज्ञान आहे.

डिझेल इंजिनात ज्वलन जितकं गरम होईल तितकं इंजिन जोरदार आणि काटकसरी चालतं. पण त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साईड, म्हणजे नॉक्स, तयार होतो. दम्याच्या पोराची छाती भरवणारा हा वायू. तो कमी करायला ईजीआर व्हॉल्व्ह थोडा जळालेला धूर परत इंजिनात सोडतो. ज्वलन थंडावतं, नॉक्स कमी होतो, पण काजळी वाढते. काजळी अडवायला पुढे डीपीएफ म्हणजे जाळी बसवलेली असते. ती भरली की इंजिन जादा डिझेल फवारून ती जाळतं. गाडी रोज सातारा शहरात पोवई नाका ते राजवाडा एवढीच फिरत असेल, तर जाळी नीट तापतच नाही, आणि हे जाळण्याचं काम पुन्हा पुन्हा अर्धवट राहतं. या सगळ्याला डिझेल लागतं. ते तुमच्याच टाकीतलं.

म्हणजे स्वच्छ हवा आणि ॲव्हरेज यांची थोडीफार ओढाताण आहेच. ती ग्राहकाला सांगायची की लपवायची, इथे खरा वाद आहे. लपवण्याचं सगळ्यात मोठं प्रकरण फोक्सवॅगनचं, आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्यातून जातो.

सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस दिली. गाडीच्या कॉम्प्युटरला प्रयोगशाळेतली चाचणी ओळखता येत होती. स्टेअरिंग हलत नाही, वेग ठरलेल्या पद्धतीने कमी-जास्त होतोय, म्हणजे परीक्षा चालू आहे. मग प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालू. रस्त्यावर आली की ढिलाई. कॉपी करून पास होणाऱ्या पोरासारखं. हे उघड झालं ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या गटामुळे. त्यांनी मोजमापाचं यंत्र गाडीच्या मागे बांधून ती खरोखर रस्त्यावर पळवली. त्या गटात आपल्या देशातून तिकडे शिकायला गेलेली पोरंही होती.

भारतात तपासणी केली पुण्याच्या एआरएआयने. रस्त्यावरच्या चाचणीत या गाड्यांचं प्रदूषण बीएस-4 मर्यादेच्या 1.1 ते 2.6 पट आढळलं. 1 डिसेंबर 2015 ला कंपनीने देशातल्या 3,23,700 गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. त्यात फोक्सवॅगनच्या 1,98,500, स्कोडाच्या 88,700 आणि ऑडीच्या 36,500. दुरुस्ती मुख्यतः सॉफ्टवेअरची. 2008 पासून विकलेल्या या गाड्या, म्हणजे पोलो, व्हेंटो, रॅपिड या नेहमीच्या रस्त्यावरच्या गाड्या. आज त्यातल्या कितीतरी एमएच 11, एमएच 10, एमएच 50 च्या पाट्या लावून सेकंडहँड बाजारात फिरतायत.

आता ॲव्हरेजचं. युरोपात कंपनीने सांगितलं की दुरुस्तीने इंधनाचा खप वाढत नाही, आणि जर्मनीच्या वाहन प्राधिकरणानेही ते मान्य केलं. पण अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये वेगळाच प्रयोग केला. गाडीला "परीक्षा चालू आहे" असं भासवून, म्हणजे प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालू ठेवून, ट्रॅकवर पळवली. 2011 च्या जेट्टाचं हायवे ॲव्हरेज गॅलनला 50 मैलांवरून 46 वर आलं. आपल्या भाषेत लिटरला साधारण 21 वरून साडेएकोणीस. 2015 च्या मॉडेलचं 53 वरून 50. कंपनीची अंतिम दुरुस्ती ही नव्हे, हे लक्षात ठेवा. पण नियम पूर्ण पाळायचा तर गाडीला किती किंमत मोजावी लागते, त्याचा अंदाज यातून येतो.

तिथल्या मालकांना काय मिळालं? गाडी परत विकण्याचा पर्याय, शिवाय हजारो डॉलर रोख. इथे? सर्व्हिस सेंटरला फुकट सॉफ्टवेअर, आणि बहुतेक ठिकाणी फुकट वॉशिंग. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटींचा दंड ठोठावला, मे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात कारवाईला स्थगिती दिली. आणि तो दंडसुद्धा पर्यावरणाच्या नुकसानीचा होता. गाडीमालकाच्या खिशाचा त्यात विषयच नव्हता.

हे काही परदेशी खूळ नाही. त्याआधी, 2013 च्या जुलैमध्ये, जनरल मोटर्सने 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलावल्या होत्या. टवेरा! आपल्याकडच्या वडापवाल्यांना आणि लग्नाच्या वऱ्हाडांना वेगळं सांगायला नको. चाचणीला पाठवायच्या गाड्यांमध्ये कमी प्रदूषण करणारी निवडक इंजिनं बसवली जात होती, असं तेव्हा समोर आलं. सरकारी समितीने त्याला फसवणूक म्हटलं, कंपनीने काही बड्या अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. पुढे 2017 अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं.

तेव्हा माझं म्हणणं असं. दुरुस्तीनंतर ॲव्हरेज पडतं म्हणून दुरुस्तीच नको, हे मला अजिबात मान्य नाही. मिरजेच्या दवाखान्यांच्या दारात उभं राहून रात्री खोकणारी म्हातारी माणसं बघितली, तर कुणीच तसं म्हणणार नाही. पण 20 चं ॲव्हरेज सांगून विकलेली गाडी नियमात बसवल्यावर 18 देत असेल, तर जाहिरातीतलं 20 खोटं होतं. वर्षाला 20 हजार किलोमीटर फिरणाऱ्याला 1000 लिटरऐवजी 1111 लिटर डिझेल लागेल. नव्वदच्या भावाने दहा हजार रुपये. दरवर्षी. हा फरक ज्याने खोटं सांगितलं त्याने भरावा. गाडीवाल्याने का म्हणून?

कायदा इथे अर्धवट आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110 अ आलं. पर्यावरणाला धोका असेल तर केंद्र सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि कंपनीला गाडीची किंमत परत, बदली गाडी किंवा दुरुस्ती यातलं काहीतरी द्यावं लागतं. चांगलं आहे. पण दुरुस्तीनंतर गाडी डिझेल जास्त खाऊ लागली तर काय, यावर त्या कलमात चकार शब्द नाही. ही तरतूद आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी संसदेत मागावी. उसाच्या भावावर बोलतात, तसं यावरही बोलावं.

पीयूसीचं तर विचारूच नका. डिझेल गाडीला तिथे फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नॉक्स मोजतच नाहीत. म्हणजे ज्या वायूवरून जगभर एवढी बोंब झाली, तो आपल्या पीयूसी सेंटरला दिसतच नाही.

आणि याच फटीतून दुसरा धंदा घुसलाय. "ईजीआर बंद करून देतो, जाळी काढून टाकतो, ॲव्हरेज दोन-तीनने वाढेल." हायवेच्या कडेला असं सांगणारे गॅरेजवाले आहेत, आणि करून घेणारेही आहेत. ॲव्हरेज वाढतंही कधीकधी. पण ही गाडी म्हणजे कंपनीने चोरून केलं तेच आपण पैसे देऊन करून घेणं. कंपनीवर बोट दाखवायचा हक्क मग राहत नाही, वॉरंटीही जाते. शिवाय बेकायदा फेरफारासाठी कलम 182 अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यापेक्षा हे करा. गाडी सर्व्हिसिंगला लावायच्या आधी तीनदा टाकी फुल करून ॲव्हरेज काढा, पंपाच्या पावत्या ठेवा. गाडीतल्या मीटरवर विसंबू नका, तो मनाला बरं वाटेल असं दाखवतो. जॉबकार्डवर कोणतं सॉफ्टवेअर टाकलं, कोणता पार्ट बदलला हे लिहून घ्या. "सिस्टीममध्ये आहे" म्हणाले तर प्रिंट मागा. नंतर त्याच रस्त्यावर, तेवढंच वजन ठेवून, टायरमध्ये तेवढीच हवा भरून पुन्हा तीन टाक्या मोजा. पहिली टाकी धरू नका. फरक टिकला तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात केस करता येते, मुंबई-पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका.

ज्यांच्याकडे आधीच्या आणि नंतरच्या पावत्या आहेत, त्यांनी जॉबकार्डच्या फोटोसह मला पाठवा. नाव-नंबर झाकून पाठवलंत तरी चालेल. दहा-पंधरा गाड्यांचे आकडे जमले की ते घेऊन सातारा आणि सांगलीच्या आरटीओ साहेबांना भेटणार आहे.