वेदीवरची भाकर आणि रेशनचा गहू

रविवारच्या मिस्सेत अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू भाकर हाती घेतात आणि ती भूमीचे फळ आहे, माणसाच्या श्रमाचे फलित आहे, असे म्हणत परमेश्वराचे स्तवन करतात. आपण ठरलेला प्रतिसाद देतो आणि पुढच्या गीताचे पान शोधू लागतो. कोणती भूमी? कोणाचे श्रम? हा प्रश्न मंदिरात सहसा उच्चारला जात नाही. कोणी उच्चारलाच, तर ‘उपासनेत राजकारण आणू नका’ असे बजावून त्याला गप्प बसवले जाते. या गप्प बसवण्यालाच आपण भक्ती समजू लागलो आहोत, आणि माझा आक्षेप नेमका तेथेच आहे.

बुलढाणा जिल्ह्याकडे पाहा. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अकस्मात गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस मुठीत येत आणि काही दिवसांतच टक्कल पडे. मुले, तरुणी, वृद्ध, कोणीच सुटले नाही. रुग्णांची संख्या शेकड्यांत गेली; ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या आल्या. पहिला संशय पाण्यावर गेला आणि तो स्वाभाविकही होता, कारण पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा आहे. येथील भूजल मुळातच खारे. संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे जातात आणि लोक वर्षानुवर्षे या पाण्याकडे बोट दाखवत आले आहेत. पुढे विंचूदंशावरील संशोधनाने जगभर परिचित झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०२५ च्या आरंभी या प्रकाराचा अभ्यास केला आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण बेसुमार असल्याचा निष्कर्ष मांडला. सेलेनियम शरीराला कणभरच लागते. ते अधिक झाले की विष होते. पंजाबातील काही पट्ट्यांत ते जमिनीतच जास्त आहे आणि पीक ते मुळांवाटे शोषून घेते. कुठल्या तरी दूरच्या शेतात पिकलेला दाणा शेकडो कोसांवरच्या गरिबाच्या ताटात येतो. तो तपासण्याची कोणाला निकड नसते, कारण रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला नाकारण्याची सोय नसते.

भूमीचे फळ ते हेच. आपली ख्रिस्तप्रसादाची भाकरही गव्हाचीच असते. मग त्या जानेवारीतल्या रविवारी किती धर्मग्रामांच्या प्रार्थनांत शेगावचे नाव घेतले गेले?

आपल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थना आता छापील पत्रिकेतून येतात. पोप महोदयांसाठी, महागुरूंसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, मृतांसाठी. यांत एकही शब्द चुकीचा नाही आणि एकही शब्द आपल्या गावचा नाही! शतकानुशतके लोप पावलेली ही प्रार्थना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक दस्तऐवजाद्वारे पुन्हा लोकांच्या हाती दिली. ख्रिस्तसभेसाठी, अधिकारावरील व्यक्तींसाठी, गरजवंतांसाठी आणि सर्व जगाच्या तारणासाठी समुदायाने स्वतः विनवणी करावी, हा तिचा हेतू. पत्रिका वाचून दाखवण्यासाठी ती परत आणली गेली नव्हती.

‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांनी आपला पूर्वेतिहास तरी चाळावा. करिंथ येथील सभेत सधन लोक आधीच खाऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. तुम्ही करता ते प्रभूभोजन नव्हेच, असे संत पौलाने त्यांना रोखठोक लिहिले. संत जस्टिन यांनी इ. स. १५५ च्या सुमारास रविवारच्या उपासनेचे जे वर्णन केले आहे, त्यात शास्त्रवाचन, प्रार्थना आणि भाकर-द्राक्षरस यांच्याबरोबरच ऐपतदारांनी आणलेले दान येते. ते अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान आणि परदेशी यांच्यासाठी सभाप्रमुखाकडे सोपवले जाई. म्हणजे वेदी आणि गावातले दुःख यांच्यामध्ये आपण आज जी भिंत उभी केली आहे, ती प्रारंभीच्या ख्रिस्ती जनांना ठाऊकच नव्हती. आमोस संदेष्ट्याचे तर नावही काढायला नको. त्याला आजच्या धर्मग्राम समितीने गीतांच्या वेळी बाहेर बसवले असते.

याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात धान्यांचे वर्तुळ मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. त्या भाकितावर माझा विश्वास नाही. परंतु गावोगावचे शेतकरी कपाशीचे, तुरीचे, ज्वारीचे नाव घेऊन तेथे एकत्र बसतात, हे पाहिल्यावर वाटते की आपल्या मिस्सेत कपाशीचे नाव कधी येते? २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. कर्जाने खचलेल्या माणसाला रविवारी आपण काय ऐकवतो? संयम आणि स्वर्ग.

कोणी म्हणतील, बुलढाण्यात आपण मूठभर. आपले ऐकणार कोण? वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या चळवळीत उतरले, त्या पाण्याचा आणि जमिनीचा लढा सर्वधर्मीयांचा झाला. तेथे संख्या होती, हे खरे. पण प्रार्थनेत शेजाऱ्याच्या विहिरीचे नाव घ्यायला बहुमत लागत नाही.

उलट बाजूचा सोसही मला मान्य नाही. वर्षातून एक ‘पर्यावरण रविवार’, दारात एक रोप, रोपाभोवती दहाजणांचे छायाचित्र. पुढच्या रविवारी रोप वाळलेले आणि पत्रिका तीच! पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात रविवार आणि ख्रिस्तप्रसाद यांचा सृष्टीशी संबंध स्पष्ट केला. २०२५ च्या जुलैत व्हॅटिकनने सृष्टीच्या जतनासाठी स्वतंत्र मिस्सा प्रसिद्ध केली आणि पोप लिओ यांनी ती स्वतः साजरी केली. स्वागतच आहे. मात्र सृष्टीसाठी एक वेगळी मिस्सा मिळाली म्हणून उरलेल्या रविवारांना सुटी मिळत नाही. भूमीचे फळ तर प्रत्येक मिस्सेत वेदीवर येते.

म्हणून मागणी साधी आहे. पत्रिका बाजूला ठेवा. शनिवारी संध्याकाळी एक शेतमजूर स्त्री, एक शिक्षक आणि एक शाळकरी मूल यांना एकत्र बसवा. त्या आठवड्यात कोणाच्या नळाला पाणी आले नाही, कापसाला काय भाव मिळाला, रेशनवर कोणता गहू आला, हे त्यांनी लिहावे आणि रविवारी त्यांनीच ते वाचावे. दानपेटीतील एक वाटा त्याच कामी वेगळा निघावा आणि त्याचा हिशेब दारावर लावावा. पहिल्या रविवारी कोणी उठून बाहेर गेले, तर जाऊ द्यावे.