लेडीज घड्याळ नको, आपल्या मापाचं हवं



तुळशीबागेत बांगड्या घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "माप काय? सव्वादोन की अडीच?" ब्लाउज आपण मापाने शिवतो, चप्पल मापाने घेतो. घड्याळाच्या दुकानात मात्र कोणी माप विचारत नाही. "लेडीज त्या बाजूला," एवढंच सांगतात आणि आपणही निमूट त्या बाजूला जातो.

मध्यंतरी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात सासूबाईंसाठी घड्याळ बघत होते. समोर आलेली सगळी घड्याळं नाजूक, तबकडी जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी, आकड्यांच्या जागी चार खडे. सासूबाईंनी हात लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण वाजले किती?" विक्रेता हसून म्हणाला, "आजी, लेडीजमध्ये असंच येतं."

असंच का यावं? गंमत म्हणजे मनगटी घड्याळ मुळात बायकांचंच. 1868 मध्ये स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिप कंपनीने एका हंगेरियन काउंटेससाठी मनगटावर बांधायचं घड्याळ केलं होतं. पुरुष तेव्हा खिशातली घड्याळं वापरत आणि मनगटावरच्या घड्याळाला बायकी दागिना म्हणून हसत. पहिल्या महायुद्धात सैनिकांना खिशात हात घालून वेळ बघणं परवडेना, तेव्हा ते पुरुषांच्या मनगटावर आलं. मग त्यांचं झालं वेळ बघायचं साधन आणि आपला राहिला दागिना. दागिना म्हटल्यावर तो वाचता आला नाही तरी कोणाची तक्रार नाही!

दागिना म्हणून नाजूक घड्याळ घालायला माझी ना नाही. लग्नाकार्यात मीही घालते. पण रोजच्या वापराचं घड्याळ वाचता आलंच पाहिजे, आणि आपल्याला तर जास्तच. नवकारशीची 48 मिनिटं मोजायची, चौविहाराआधी स्वयंपाकघर आवरायचं. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या आसपास होतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. म्हणजे वर्षभर वेळ सरकत राहते आणि आपल्याला पाच मिनिटांचाही हिशोब लागतो. आपलं निम्मं घर घड्याळावर चालतं आणि ज्या हाताने ते चालवायचं त्या हातावर न दिसणारी तबकडी! मग आपण नातवाला हाक मारतो, "वाजले किती बघ रे." चाळिशी लागल्यावर तर हे रोजचंच होतं. स्वतःची वेळ दुसऱ्याला विचारावी लागणं ही छोटी गोष्ट नाही.

"मोबाईल आहे ना," असं मुली म्हणतात. आहे, पण वेळ बघायला तो उचलला की चार निरोप वाचूनच खाली ठेवला जातो. स्थानकात तो हातात नकोच.

आता मापाचं बोलू. एक दोरा मनगटाभोवती गुंडाळा आणि फूटपट्टीवर मोजा. मग हात टेबलावर ठेवून मनगटाची वरची सपाट रुंदीही मोजा. दुसरं माप जास्त महत्त्वाचं. घड्याळाला पट्टा जिथे अडकतो ती वरची आणि खालची टोकं या रुंदीच्या आत बसली पाहिजेत. टोकं बाहेर आली तर घड्याळ मोठं, मग तबकडी कितीही छोटी असो. मोठं घड्याळ डुगडुगतं, पोळ्या लाटताना त्याची चावी हाताच्या पाठीत रुतते आणि पदराचा धागा अडकतो तो वेगळाच.

माझं मत असं : मनगटाचा घेर 14 ते 15 सेंटिमीटर असेल तर 28 ते 32 मिलिमीटरची तबकडी बघा, 16 च्या पुढे असेल तर 34-36 सुद्धा छान बसते. 36 ऐकून दचकू नका. आपल्या वडिलांच्या पिढीत पुरुषांचंच घड्याळ तेवढं असायचं. एचएमटीचं 'जनता' आठवतंय? रोज चावी द्यायचं ते घड्याळ साधारण 35 मिलिमीटरचं होतं. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बेंगळुरूला घड्याळं करायला सुरुवात केली आणि पुढे ती घरोघरी पोचली. कपाटात वडिलांचं किंवा सासऱ्यांचं असं घड्याळ पडून असेल तर दुरुस्त करून घाला. अनेक घरांत सामायिकात सेलचं घड्याळ चालत नाही, तिथे चावीचं घड्याळ वाळूच्या घडीला चांगली सोबत होतं.

जाडीही बघा. आठ-नऊ मिलिमीटरपर्यंत असेल तर कुर्त्याच्या बाहीखाली सहज जातं. घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, हाडाच्या मागे कोपराच्या बाजूला बसावं आणि पट्ट्याखाली करंगळी जेमतेम जावी. साखळी सैल असेल तर दुकानातच कड्या काढून घ्या. काचेच्या बांगड्यांच्या हातात घड्याळ नको, दोन्हींचं नुकसान होतं.

आणि पट्टा! चामड्याचा पट्टा आपल्याला चालत नाही, पण पुष्कळ चांगली घड्याळं चामड्याच्या पट्ट्यातच येतात. इथेही मापच कामी येतं. पट्टा अडकायची जागा 14, 16 किंवा 18 मिलिमीटर अशी नेहमीची आणि सरळ असेल तर स्टीलची साखळी किंवा नायलॉनचा पट्टा सहज मिळतो. नक्षीदार लेडीज घड्याळांत ही जागा कंपनीच्या स्वतःच्या आकाराची असते. मग चामडं काढायचं म्हटलं तरी दुसरं काही बसत नाही. म्हणून पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा, पट्टा कशाचा आहे आणि बदलता येतो का.

एक विनंती साखरपुड्याच्या खरेदीबद्दल. जोडीची घड्याळं घेतात, त्याची मोठी आणि तिची त्याच नक्षीची निम्म्या आकाराची. दिसायला गोड, पण मुलगी उद्या नोकरी करणार, घर सांभाळणार, तिला वेळ निम्मी पुरणार आहे का? तिला दुकानात सोबत न्या, तिचं मनगट मोजा आणि दोन्ही बाजूंची घड्याळं तिला घालून बघू द्या. 'जेन्ट्स'च्या बाजूचं आवडलं तर तेच घ्या. काचेखाली लावलेली पाटी दुकानदाराच्या सोयीची असते, हात आपला असतो.